बॅटरी नव्हे, अर्थिंग

आज अंबाजोगाईत आमच्या जुन्या कॅम्पर व्हॅनमधील पाण्याचा पंप सुरू केला, की आतले दिवे मंद होत होते आणि बघणारा प्रत्येक जण बॅटरी बदलण्याचाच सल्ला देत होता. प्रत्यक्षात पंप चालू असतानाही बॅटरीच्या टर्मिनलांवर मल्टिमीटर १२.४ व्होल्ट दाखवत होता. मग निगेटिव्ह टर्मिनल आणि गाडीची बॉडी यांमध्ये मीटर लावला, तेव्हा जिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे, तिथे दीड व्होल्ट दिसला. अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या, बोल्टाखालचा थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवट पडला होता आणि त्याखालच्या पत्र्यावर गंजाचा पापुद्रा धरला होता. पॉलिश पेपरने पत्रा लखलखीत होईपर्यंत घासला, बोल्ट घट्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. दिवे आता स्थिर आहेत. खिडकीच्या रबरातून झिरपणारे पाणी मात्र पावसाळ्याआधी बंद करायचे आहे.