पिल्लू कुठून घेताय? : आमची वाटचाल

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी नाशिकच्या इंदिरानगरात, आमच्याच बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात आम्ही कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचं दुकान काढलं. मिस्टर तेव्हा सातपूरला कंपनीत होते. पहिली शिफ्ट उरकून ते दुकानात येईपर्यंत गल्ला मी आणि सासूबाई सांभाळायचो. सासूबाईंना कुत्र्यांचं प्रेम बेताचंच, पण त्यांचं माहेर निफाडचं, घरात किराणा दुकान. सुट्टं खाणं किलोवर विकताना काटा कसा धरायचा आणि उधारी कोणाला द्यायची नाही, हे त्यांनीच शिकवलं. पुढे आंघोळ, नखं, केस कापणं सुरू झालं. मग गावाला जाणाऱ्यांची कुत्री सांभाळायचं बोर्डिंग आलं, आणि त्याच्या जोरावर मिस्टरांनी नोकरी सोडली.

पिल्लं मात्र आम्ही विकत नाही. रोज कोणीतरी विचारतं, आणि त्यात खाण्यापेक्षा पैसे सुटतातही जास्त. पण 2017 मध्ये कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे केंद्राचे नियम आले, 2018 मध्ये पेट शॉपचे. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, प्रत्येक पिल्लाची नोंदवही, जागा, डॉक्टर, हे सगळं एका गाळ्यात बसवणं आमच्याच्याने होणारं नव्हतं. त्यात पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाची धास्ती. पार्वोचा विषाणू एकदा जागेत शिरला की फरशीवर, भांड्यांवर महिनोन्महिने टिकतो. विक्रीच्या पिल्लांपायी बोर्डिंगची कुत्री धोक्यात घालणं धंद्याच्या हिशेबातही बसत नव्हतं.

विकत नसल्यामुळे झालं असं, की घेणारे आम्हालाच विचारायला लागले.

लोक पिल्लू येण्याआधी सामान नेतात. पट्टा, भांडं, गादी, पिल्लांच्या पहिल्या खाण्याची, म्हणजे स्टार्टरची पिशवी. मुलं नाव ठरवून आलेली असतात, कधी पट्ट्याला नावाचा बिल्लासुद्धा करून हवा असतो. 2020 च्या लॉकडाउनमध्ये ही गिऱ्हाइकं एकदम वाढली, आणि त्यातलीच काही आठवड्याभरात सामान परत घेऊन यायला लागली. कारण सांगायला तयार नसायची. ‘घरचे नको म्हणाले’ एवढंच. एका काकांनी शेवटी सांगितलं, पिल्लू आलंच नाही, पैसे गेले, आणि हे घरात फक्त त्यांनाच माहीत आहे. तेव्हापासून दोन गोष्टी दुकानात ठरून गेल्या. न फोडलेलं सामान काही न विचारता परत घ्यायचं. आणि पिल्लू हातात नसताना कोणी स्टार्टर मागितलं, की बिल करण्याआधी विचारायचं, ‘पिल्लू कुठून घेताय?’

या प्रश्नाने विक्री बुडते. होलसेलवाल्याने आम्हाला त्यावरून वेड्यातही काढलंय.

पिंपळगावचे एक द्राक्ष बागायतदार दादा आले होते, मुलीला गोल्डन रिट्रीव्हर घ्यायचं म्हणून. मोबाइलवर पिल्लाचे फोटो, खाली किंमत. बाजारात ज्या भावात गोल्डनचं नुसतं बोलणंही होत नाही, तो भाव. विकणारा म्हणे फौजी, बदली झालीय, म्हणून स्वस्तात देतोय. ओळखपत्राचा फोटोही पाठवलेला. बुकिंगचे पैसे गेले होते. मग पिंजऱ्याचे मागितले, ‘रिफंडेबल’ म्हणून. तेही गेले. आता गाडी घोटीच्या टोलनाक्यावर अडवलीय, पिल्लाचा इन्शुरन्स भरा, घरी पोचल्यावर परत मिळतील, असा मेसेज होता.

मी फोटो मोठा करून पाहिला. पिल्लू लाकडी फरशीवर बसलेलं आणि मागच्या भिंतीत प्लगचं सॉकेट. दोन उभ्या चिरा, खाली एक भोक. दादांना म्हटलं, ‘तुमच्या घरात असं सॉकेट आहे का? माझ्या तर नाही.’ ते बघतच राहिले. तोच फोटो गुगल लेन्सवर टाकला, तर बाहेरच्या देशातल्या कुठल्या कुठल्या पानांवर तेच पिल्लू. मग दादांनी माझ्यासमोरच त्या माणसाला फोन लावला आणि म्हणाले, ‘आत्ता व्हिडिओ कॉल कर, पिल्लू उलटं करून पोट दाखव, शेजारी त्याची आई दाखव.’ पलीकडचा म्हणाला, आर्मी एरियात व्हिडिओ कॉल चालत नाही. फोटो चालतात, पेमेंटचा क्यूआर चालतो, व्हिडिओ तेवढा चालत नाही!

दादा चिडून नंबर ब्लॉक करणार होते. मी थांबवलं. आधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट, पेमेंटचे व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी, हे काढून घेतलं आणि तिथूनच 1930 ला फोन लावला. सायबर फसवणुकीची ती केंद्र सरकारची हेल्पलाइन. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढच्या खात्यात गोठवले जायची शक्यता जास्त. एकदा भामट्याने ते काढून घेतले की हात चोळत बसायचं. 1930 चा कागद आता आमच्या काउंटरच्या काचेखाली आहे. आणखी एक सांगायचं राहतं: तक्रार केल्यावर ‘तुमचे पैसे मिळवून देतो, प्रोसेसिंग फी भरा’ म्हणणारे फोन येतात. ती त्याच धंद्याची दुसरी शाखा.

पैसे मागायची कारणं बदलत राहतात. मध्यंतरी ‘इम्पोर्टेड पिल्लू मुंबई विमानतळावर कस्टममध्ये अडकलंय’ हे जोरात होतं. विक्रीसाठी, ब्रीडिंगसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्राने 2016 मध्येच बंदी घातली होती, हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात. रेल्वेने येणाऱ्या पिल्लाचंही तसंच. रेल्वेत कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात होतं, तिथे पावती मिळते. गाडी निघाल्यावर कोणा साहेबाच्या खासगी यूपीआयवर पैसे भरायची पद्धत रेल्वेत नाही.

पूर्ण बनावट पिल्लांपेक्षा मला जास्त वेळ लागतो तो अर्धवट खऱ्यांना. पिल्लू खरं असतं, विकणारा खरा असतो, जात तेवढी खोटी असते. इथे कागद वाचावे लागतात. लसीचं पुस्तक आधी उघडते. लस दिलेली असेल तर कुपीवरचं स्टिकर तिथे चिकटवलेलं हवं, बॅच नंबर आणि मुदत दिसली पाहिजे, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेला शिक्का हवा. एका पुस्तकात चाळीस दिवसांच्या पिल्लाला रेबीजची लस दिल्याची नोंद होती. ती साधारण तीन महिन्यांनंतर देतात. मुळात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच नियमाने मनाई आहे, तरी ‘लहान घेतलं की लळा लागतो’ म्हणून महिन्याची पिल्लं खपवतात. आईच्या दुधावरून काढलेलं ते पिल्लू पुढे दोन महिने दवाखान्याच्या वाऱ्या करतं.

मग केसीआयचे पेपर. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था. तिच्या कागदावर आईवडिलांची नावं, वरच्या पिढ्या आणि कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर असतो. ‘पेपर नंतर येतील’ हे दर वेळी खोटं नसतं, लिटरच्या, म्हणजे एका वेताच्या पिल्लांच्या नोंदणीला वेळ लागतो. पण आईवडिलांचे पेपर तर आजही घरात असायला हवेत, ते मागा. ते दाखवायला कोणी आढेवेढे घेतले की मी गप्प बसते, गिऱ्हाईकच काय ते समजून जातं. चिप वाचायचा स्कॅनर आम्ही हौसेने घेतला होता, आज दुकानातली सगळ्यात कामाची वस्तू ती आहे. खांद्यांच्या मधोमध फिरवला की पंधरा आकडी नंबर येतो. एका जर्मन शेफर्डच्या पेपरवर एक नंबर आणि स्कॅनरवर दुसराच. कागद होता अस्सल, पण दुसऱ्याच कुत्र्याचा.

‘डबल कोट लॅब’, ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘टीकप’ असल्या शब्दांवर भाव चढवतात. लॅब म्हणजे लॅब्राडॉर, त्याच्या अंगावर केसांचे दोन थर जन्मजातच असतात, त्याचे वेगळे पैसे कसले? टीकप नावाची जात केसीआयच्या यादीत नाही. बर्फाळ भागातला हस्की खरा मिळतो, पण मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास गेला की तो आमच्या बोर्डिंगला कूलरसमोर पडून असतो, आणि मालक लाइट बिलाबद्दल बोलत असतात. त्यांना मी आधीच सांगितलेलं असतं. शेतावर, मळ्यात ठेवायचंय म्हणणाऱ्यांना मिस्टर कारवान सुचवतात. आपल्याच मातीतलं, केसीआयच्या मान्यतेचं कुत्रं. दहातला एखादा ऐकतो.

आता रविवारी मिस्टर लोकांबरोबर पिल्लं बघायला जातात. पेट्रोल गिऱ्हाइकाचं, वेळ आमचा. बघायचं एवढंच असतं, की पिल्लांची आई तिथेच राहते का, तिच्या अंगावर दूध आहे का, बोलावल्यावर ती मालकाकडे येते का. भाड्याने आणून उभी केलेली कुत्री मालकाकडे बघतसुद्धा नाही. आणि पैसे पिल्लू हातात आल्यावर, ज्याच्या नावाने ब्रीडरची नोंदणी आहे त्याच्याच खात्यावर.

यामुळे काही ब्रीडर आमच्यावर खार खाऊन आहेत. एकाने तर आम्ही कमिशन खातो म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. पण सिन्नरकडचा एक लॅबवाला, जो सुरुवातीला मिस्टरांना फाटकातून आत घेत नव्हता, तोच आता गिऱ्हाइकाला सांगतो, पिल्लाची चिप इंदिरानगरात तपासून घ्या, मग उरलेले पैसे द्या. त्याने भाव वाढवलेत. तरी पुढच्या लिटरसाठी लोक नाव लावून थांबलेत, आणि स्टार्टर आमच्याकडूनच नेतात.