टँकर बंद झाल्यानंतरचा मे महिना

तुर्भ्याच्या बाजूला पारसिक डोंगराच्या कुशीत एक बंद दगडखाण आहे. नवी मुंबईतल्या किती इमारतींना तिथली खडी लागली असेल, देव जाणे. खाण बंद झाल्यावर तळाला झाडं लावली गेली, तीन वर्षं टँकरने पाणी घातलं गेलं. ठेक्याची मुदत संपली, त्यालाही वर्ष उलटलं आणि मग लागवड यशस्वी झाली का, हे तपासायचं काम आमच्याकडे आलं.

मी मुद्दाम मे महिना मागून घेतला. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. ऑगस्टमध्ये आपल्याकडे नुसता कातळही हिरवा दिसतो. त्या दिवसांत केलेली पाहणी मला पटतच नाही.

याआधी चंद्रपूर-वणीकडे कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर मी हेच काम केलं आहे. कोळशाच्या थरापर्यंत पोचायला वरची माती आणि खडक उपसून बाजूला टाकतात, त्याचे डोंगर होतात. त्यांवर सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावलं की दोन-तीन वर्षांत लांबून जंगल वाटतं. आत शिरून खाली बघावं, तर बऱ्याच ठिकाणी सुबाभळीच्याच रोपांची दाटी असते, दुसरं काही उगवलेलं नसतं. अमेरिकेच्या १९७७ च्या कोळसा खाण कायद्यात यासाठी एक फार शहाणी अट आहे. शेवटचं पाणी, खत किंवा बी दिल्यानंतरच जबाबदारीची वर्षं मोजायला सुरुवात होते. वर्षाला २६ इंचांहून जास्त पाऊस असेल तर पाच वर्षं, नाहीतर दहा. आपल्याकडे बहुतेकदा पाणी चालू असतानाच झाडं मोजतात आणि फाइल बंद करतात.

पाहणीच्या जागा आदल्या दिवशी नकाशावर संगणकाने निवडल्या होत्या, आपल्या मर्जीने नाही. मुकादमकाका मात्र आम्हाला रस्त्याकडे वळवत होते. "मॅडम, तिकडं काय नाय, झाडं सगळी हिकडं हायत." त्यांचं खरंच होतं, पण ठिपका जिथे पडेल तिथे जायचंच. दोरी लावून दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजायचा आणि आत एक-एक मीटरच्या छोट्या चौकोनांत गवत आणि रोपं बघायची. वरच्या न फोडलेल्या उतारावरही आम्ही हेच केलं, कारण तुलना तिथल्या ऐन, पळस, मोई आणि कारवीशी व्हायला हवी.

तिसऱ्या चौकोनात कडुनिंब होते, माझ्या डोक्याच्या वर गेलेले. कडुनिंबाला मे महिन्यात पालवी नसणं हेच वाईट लक्षण. नखाने साल खरवडली, आत हिरवं नव्हतं. त्यातलं एक आम्ही खणून काढलं. ब्रेकरने अखंड काळा दगड फोडून खड्डा केलेला, त्यात लाल माती आणि शेणखत. मुळं खड्ड्याच्या भिंतीपर्यंत गेली होती, तिथून वळून कुंडीतल्या झाडासारखी गोल-गोल फिरली होती. आमची कुदळ खणकन वाजली, त्या दगडात मुळाला शिरायला बोटभर भेगही नव्हती. टँकर होता तोवर झाड वाढत राहिलं, त्यामुळे उंची चांगली दिसत होती.

पुढचा ठिपका कड्याच्या पायथ्याशी, शेवटच्या सुरुंगांच्या डबराच्या ढिगावर पडला होता. सपाट नाही म्हणून तिथे कुणी काही लावलंच नव्हतं. दगडांच्या सांदीत बोट घातलं तर आत गार लागत होतं. त्या सांदींतून पायर वर आली होती, कुड्याची रोपं होती, काटेरी खोडाची सावर होती. पायरीचं बी पाखरांनी आणलेलं, कुड्याचं आणि सावरीचं वाऱ्याने. कडेला रानमोडी हे बाहेरून आलेलं तणही होतं, तेही आम्ही नोंदवलं. गुडघाभर उंचीची ती सावर पाणी न घालता उन्हाळे काढत होती, याचा मला झालेला आनंद कागदावर मांडता येत नाही. काका म्हणाले, "हे कोणी लावलं नाय, मॅडम." मग जरा थांबून, "हा ढीग काढून जागा सपाट करायचीय, नवीन लागवडीला."

अहवालात आम्ही लागवडीच्या तळाचे आणि या डबराच्या ढिगाचे आकडे वेगळे दिले. आणखी दोन उन्हाळे पाण्याविना जाऊ द्या, मगच यशाचा शेरा द्या, असं लिहिलं. पुढे लागवड करायचीच असेल तर आधी तळाचा दगड यंत्राने तडकवा, त्यावर डबर आणि मुरूम सैल पसरा, पहिल्या वर्षी गवत येऊ द्या, हेही सुचवलं. ढिगाऱ्याचं मात्र मी अहवालावर सोडलं नाही. त्याच संध्याकाळी संबंधित साहेबांना फोन करून त्याला हात लावू नका म्हणून सांगितलं, कारण जेसीबी सोमवारी येणार होता.