चारशे ग्रॅमची पट्टी

शनिवार, रात्री पावणेबारा

आज आम्ही हरलो असं म्हणायला जीभ रेटत नाही. रोबो-सॉकरची सेमीफायनल २-२ अशी सुटली आणि पंचांनी दोन्ही रोबो वजनकाट्यावर ठेवले. आमचा ३ किलो ४१० ग्रॅम, समोरचा ३ किलो १००. हलका तो विजयी. पोरं रिमोट हातात धरून काट्याकडे बघत राहिली.

महिन्याभरापूर्वी मिळालेल्या नियमपत्रकात बरोबरीसाठी गोल्डन गोल होता, म्हणजे जादा वेळेत जो आधी गोल करेल तो विजयी. वजनाचा नियम आज सकाळी नोंदणीच्या टेबलापाशी कागद चिकटवून सांगितला. आयोजकांची अडचण कळते. मैदान एकच, टीम भरपूर, संध्याकाळी हॉल रिकामा करून द्यायचा. पण सकाळी नऊला आम्ही करणार काय होतो?

गेल्या रविवारी सरावात आमचा रोबो धडक बसली की मागे ढकलला जायचा. मोटरला जोर होता, चाकं मात्र जागच्या जागी गरगरायची. सेकंड इयरच्या पोराने वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून लोखंडी पट्टी कापून आणली, कानशीने तिच्या कडा घासल्या आणि चाकांच्या मधोमध दोन बोल्टनी आवळली. चारशे ग्रॅमची पट्टी. चाकांना पकड आली. आजचे दोन्ही गोल तिच्याच जोरावर झाले, समोरच्याला रेटत रेटत बॉल आत. आणि ती नसती तर काट्यावर आम्हीच नव्वद ग्रॅमनी हलके भरलो असतो.

हेच मला सलतंय. माणसांच्या खेळात ऐनवेळी नियम बदलला तरी खेळाडू मैदानात डोकं चालवून जुळवून घेऊ शकतो. रोबोत मात्र नियम पत्र्यात आणि बोल्टमध्ये उतरलेला असतो. पंधरा दिवस आधी कळलं असतं तर आम्ही पट्टीऐवजी चाकांना चांगलं रबर चढवलं असतं.

बरोबरी सोडवायचे नियम बदलू नयेत असं माझं म्हणणं नाही. ते बदललेच पाहिजेत. १९६८ साली युरो स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघाची सेमीफायनल नाणेफेकीवर सुटली होती. पेनल्टी शूटआउट फुटबॉलच्या नियमांत आलं ते १९७० साली. लॉर्ड्सवरची २०१९ची फायनल तर आपण सगळ्यांनी पाहिली. सुपर ओव्हरही टाय झाली आणि २६ विरुद्ध १७ अशा चौकार-षटकारांच्या हिशेबाने कप इंग्लंडला गेला. त्याच वर्षी आयसीसीने तो नियम काढला आणि निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवायच्या ठरवल्या. पण तो वाईट नियमसुद्धा दोन्ही संघांना आधीपासून माहीत होता.

रोबोकप या रोबोंच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. १९९७ साली नागोयात पहिली स्पर्धा झाली आणि २०५० पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवायचं, हे ध्येय ठेवून ते खेळ दरवर्षी थोडा अवघड करत नेतात. तिथल्या नाओ या माणसासारख्या दोन पायांच्या छोट्या रोबोंच्या लीगमध्ये २०१६ला नारिंगी बॉल जाऊन काळा-पांढरा आला, तेव्हा बॉल ओळखण्याचा प्रोग्रॅम सगळ्यांनाच नव्याने लिहावा लागला. तिथे बाद फेरीत बरोबरी झाली की पेनल्टी. एक रोबो किक मारणार, एक गोलकीपर, रिमोट कुणाच्याच हातात नाही. पेनल्टी हा पूर्ण खेळ नव्हे, हे खरं. तरी बॉलला लाथ मारूनच निकाल लागतो.

एसटीत तो पोरगा पट्टी मांडीवर घेऊन बसला होता. इस्लामपूर गेल्यावर म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी पण लावायची ना?" लावायची, म्हटलं.

आयोजकांना पत्र लिहून ठेवलंय. मागणी दोनच गोष्टींची आहे. बरोबरीचा नियम आधीच्या नियमपत्रकात द्याल तोच पक्का ठेवा, आणि निकाल मैदानातच लावा. गोल्डन गोलला वेळ नसेल तर तीन-तीन पेनल्टी घ्या, दहा मिनिटांत होतं. उद्या पोरांना वाचून दाखवते. खाली त्यांच्याही सह्या हव्यात.