नक्षीच्या लाल फरशीला शोभेल असा स्वयंपाकघराचा रंग

साताऱ्याच्या घराचं रंगकाम काढायचं ठरलं तेव्हा एक गोष्ट आधीच पक्की होती: स्वयंपाकघरातली फरशी हलवायची नाही. घर १९५४ सालचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. स्वयंपाकघरात आठ बाय आठ इंचाची सिमेंटची नक्षीची फरशी आहे. विटकरी लाल जमीन, मधोमध सायीच्या रंगाच्या पाकळ्यांचं फूल, चार कोपऱ्यांत गडद हिरवी पानं आणि सगळ्याभोवती काळी बारीक रेघ. कडेने काळ्या-लाल पट्ट्यांची किनार. मोरीजवळच्या दोन फरश्या तडकल्यात, बाकी सगळी ठणठणीत. एका कंत्राटदाराने सांगितलं, 'हिच्यावरच व्हिट्रिफाइड टाइल चिकटवून देतो, आठवड्यात नवंकोरं स्वयंपाकघर.' आमच्या आई, म्हणजे सासूबाई, तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, 'फरशी आहे तशीच राहील.' विषय संपला.

मग प्रश्न उरला भिंतींचा. भिंती होत्या पिस्ता रंगाच्या, डिस्टेंपरच्या, ठिकठिकाणी पोपडे आलेल्या. जो येईल तो हेच सुचवायचा की फरशीतला हिरवा उचला आणि भिंतीला द्या, मॅचिंग होईल. ऐकायला पटतं. पण पिस्ता रंग वर्षानुवर्षं समोर होता आणि त्या भिंतींच्या मध्ये ही सुंदर फरशी नुसती भडक दिसायची. लाल आणि हिरवा हे एकमेकांचे विरुद्ध रंग. शेजारी आले की दोघेही चढतात. फरशीत हिरवं पान बोटभर आहे म्हणून ते गोड दिसतं. तोच हिरवा चार भिंतींवर पसरला की लालाशी त्याची चढाओढ सुरू होते.

रंग निवडण्याआधी फरशी नीट बघायची, असं मी ठरवलं. बघायची म्हणजे आधी धुवायची. सिमेंटच्या फरशीला ॲसिड अजिबात लावू नये, ते वरचा थरच खातं. साधा सौम्य साबण, कोमट पाणी आणि नारळाच्या काथ्याचा घासा, एवढ्यावर भागतं. कोपऱ्यांतला तेलकट चिकटा निघाल्यावर खरे रंग वर आले. पांढरा समजत होतो तो पांढरा नव्हताच, पिवळसर साय होता. आणि लालात थोडी तपकिरी झाक होती.

ही फरशी भट्टीत भाजलेली नसते. पितळी साच्याच्या कप्प्यांत पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंगाची पूड यांचं पातळ मिश्रण हाताने ओततात, साचा उचलतात, मागे सिमेंट-वाळूचा थर देतात आणि दाबयंत्राखाली दाबतात. मग पाण्यात मुरवतात. मुंबईत १९२२ साली सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज अशी फरशी आजही बनवते, तमिळनाडूतल्या आत्तंगुडीची हातची फरशीही याच जातीची, फक्त ती दाबयंत्राविना काचेवर ओतून करतात. रंगाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट ही की ओलं सिमेंट फार अल्कधर्मी असतं आणि त्यात नाजूक रंग टिकत नाहीत. टिकतात ते खनिज रंग: लाल आणि पिवळा लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गेरू आणि पिवडी (पिवळी माती) यांच्याच कुळातला, हिरवा बहुतेक क्रोमियमच्या ऑक्साइडचा. म्हणून जुन्या फरशीतला कुठलाही रंग चकचकीत नसतो, सगळे मातीकडे झुकलेले. भिंतीचा रंगही त्याच कुळातला घेतला तर दोघांचं जमतं, हे मला इथेच उमगलं आणि पुढचं सगळं त्याच्याच आधाराने ठरलं.

याला भिंतीनेच दुजोरा दिला. रंगारीकाका पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांनी खिडकीखालचा फुगवटा पत्र्याने खरवडला. पिस्त्याखाली निळसर, त्याखाली पांढरा चुना आणि अगदी तळाशी फिकट पिवळा थर. काकांनी बोटाने चोळून बघितलं.

'ताई, ह्यो पहिला हात. चुन्यात पिवडी घातलीया. आमचं वडील असंच द्यायचं, बादलीत मूठभर पिवडी आन् डिंकाचं पानी.'

म्हणजे ही फरशी बसली तेव्हा तिच्या शेजारी हा रंग होता. आईंनाही ते आठवत नव्हतं, त्या घरात आल्या तोवर भिंती पांढऱ्या झालेल्या. तेवढा तुकडा आम्ही खरवडून मोकळा ठेवला आणि रंगकाम होईपर्यंत बुजवला नाही.

माळ्यावर जादा फरश्या होत्या. त्यातली एक पिशवीत घालून मी रंगाच्या दुकानात नेली. एक फरशी पावणेदोन किलोच्या आसपास भरते, पण न्यावीच. फोनवर काढलेल्या फोटोतला लाल हा कधीच घरातला लाल नसतो. सोबत पाण्याची बाटलीही होती. माळ्यावरची फरशी कोरडी, धुळकट असते. पाण्याचा हात फिरवला की ती वापरातल्या फरशीसारखी दिसते. दुकानात ट्यूबलाइटचा उजेड, म्हणून शेड कार्ड घेऊन बाहेर पायरीवर आले आणि एकेक पट्टी फरशीवर ठेवून बघितली. पट्टी ठेवायची ती लालावर नव्हे, फुलाच्या पाकळीवर. फरशीतला जो सगळ्यात फिका, सगळ्यात गप्प रंग असतो, भिंतीचा रंग त्याच्याशी जुळवायचा. ठसठशीत रंग आधीच पायाखाली भरपूर आहे.

दुकानदार दादांनी एक गोष्ट फार चांगली सांगितली. यंत्रावर रंग मिसळला की डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवतात, त्यात कोणता रंगद्रव किती मिलिलिटर पडला ते असतं. कार्डावर जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन क्रीम शेड त्यांनी संगणकावर उघडून दाखवल्या. एकीत यलो ऑक्साइड, थोडा रेड ऑक्साइड आणि काळ्याचा नुसता थेंब. दुसरीत चकचकीत लिंबाळ पिवळा आणि काळा. पहिली पिवडीच्या कुळातली. दुसरी ट्यूबलाइटखाली हिरवट दिसली असती, आणि घरी आणून बघितल्यावर तशीच दिसली. म्हणून दुकानात विचारायला अजिबात संकोच करू नका. चांगला दुकानदार दाखवतो.

नमुने भिंतीवर फासले नाहीत. भिंतीवर लावलेल्या चौकोनाची कड नंतर अंतिम हाताखालून डोकावते, शिवाय भोवतालचा जुना रंग डोळ्याला फसवतो. मोठी कार्डशीट आणली, प्रत्येकीवर छोट्या डब्यातल्या रंगाचे दोन हात मारले आणि भिंतीशी उभी केली, खाली थेट फरशीला टेकवून. लोक नमुना डोळ्याच्या उंचीवर बघतात. फरशीशी जुळणी बघायची तर ती जिथे भिंत फरशीला भेटते तिथेच बघायला हवी.

शुभ्र पांढरा पहिल्याच सकाळी बाद झाला. त्याच्या शेजारी पाकळ्यांची साय मळकी दिसायला लागली, धुतलेली फरशी परत न धुतल्यासारखी. राखाडीची मला फार आशा होती, कारण हल्ली सगळीकडे तोच आहे. पण कार्डावरची तटस्थ राखाडी लाल फरशीशेजारी निळसर-हिरवी झाली. माझी भाची पुण्यात उपयोजित कला शिकते, तिला फोन केला. तिने मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं सांगितलं. पॅरिसच्या गोबलँ गालिचा-कारखान्यात तो रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली, त्याने तपासलं तर धाग्याच्या रंगात दोष नव्हता, शेजारच्या रंगामुळे डोळ्याला तसं भासत होतं. १८३९ साली त्याने यावर ग्रंथच लिहिला. रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची छाया टाकतो. लालाशेजारची राखाडी हिरवट भासणारच.

अबोलीचं उलटं झालं. अबोली आईंना मनापासून आवडली होती, मलाही. आमची खिडकी पूर्वेला. सकाळी आठच्या सुमाराला ऊन थेट फरशीवर पडतं आणि तिचा तांबूस उजेड भिंतीच्या खालच्या दोन-अडीच फुटांवर चढतो. त्या वेळी अबोलीची शीट खालून गुलाबी आणि वरून केशरी, अशी दुरंगी दिसायची. लाल फरशी असेल तर भिंतीला गुलाबीकडे झुकणारा रंग देताना हा परतीचा उजेड धरूनच चला, फरशी तो रंग आणखी गडद करते.

आणि दिवा. या मुद्द्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, पण आमच्याकडे स्वयंपाकघरातला निम्मा वावर दिवेलागणीनंतरचा. आमची दिव्याची पट्टी ६५०० केल्विनची, निळसर पांढरी. (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर.) साध्या एलईडीत तांबडा भाग मुळातच कमी पडतो, त्यामुळे सकाळी झळाळणारी फरशी रात्री काळपट तपकिरी दिसायची. रंग ठरवण्याआधी दिवा बदलला: ४००० केल्विन, सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते शंभरपैकी सांगणारा आकडा, नव्वदच्या वर असलेला. दोन्ही आकडे बहुतेक चांगल्या दिव्यांच्या खोक्यावर छापलेले असतात. त्याखाली फरशी पुन्हा लाल झाली आणि मग शिल्लक राहिलेल्या शीट परत पहिल्यापासून बघितल्या. दिवा आधी, रंग मागून, हा क्रम मी आता सगळ्यांना सांगते.

शेवटी ठरली ती यलो ऑक्साइडवाली साय. खिडकीखालच्या तुकड्याशी ती हुबेहूब जुळत नाही, दोन छटा फिकी आहे. मुद्दामच. आता ओट्यावर फळी आणि कपाटं आली आहेत, खोलीत पूर्वीइतका उजेड खेळत नाही. छतालाही हाच रंग दिला, कारण शुभ्र छतावर लाल फरशीची गुलाबी झाक सगळ्यात उठून दिसते. पोत सॅटिन, म्हणजे किंचित चमकीचा. मॅट जास्त मऊ दिसतो, पण फोडणीचे शिंतोडे पुसताना तिथे डाग पसरतो. पूर्ण चकचकीत घेतला असता तर जुन्या भिंतीचे उंचसखल भाग उघडे पडले असते. दहा बाय नऊची खोली, डॅडो (भिंतीचा टाइल लावलेला भाग) आणि दारं-खिडक्या वगळून भिंती साधारण अडीचशे चौरस फूट. भिंतींच्या दोन हातांना चार लिटर पुरले, छताचा डबा वेगळा.

हिरवा सोडला नाही. फडताळाची दारं आणि खिडकीची चौकट पानाच्या हिरव्याला ऑइल पेंटने रंगवली. थोडक्या जागेत तो हिरवा फरशीतल्यासारखाच शोभतो.

कामात सगळ्यात वेळ गेला तो भिंत तयार करण्यात, आणि तो घालवावाच लागतो. ओट्यामागची भिंत धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून आधी तेल काढलं, नाहीतर त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, धरत नाही. चुन्याचे सुटे थर पार खरवडले. मोरीच्या बाजूच्या भिंतीत ओल होती. काकांनी तिथे रंग लावायला सरळ नकार दिला. 'आधी पाइप बघा, भित वाळू द्या, मग मी येतो.' पाऊस सरून दसरा उलटेपर्यंत थांबलो. मग लांबी, घासकाम, प्रायमर आणि वर दोन हात. फरशीवर जाड पोती आणि प्लास्टिक अंथरलं होतं. सिमेंटची फरशी सच्छिद्र असते, ऑइल पेंटचा थेंब तिच्यात मुरला तर निघत नाही.

माझ्या बहिणीने चिंचवडच्या फ्लॅटमध्ये आमचीच शेड मागितली, तेव्हा तिला थांबवलं. तिच्याकडे बदामी व्हिट्रिफाइड टाइल आहे. तिच्यावर कोरा पांढरा कागद ठेवायला सांगितला, तर बदामीतली गुलाबी झाक लगेच दिसली. पिवळसर साय त्याशेजारी आजारी वाटली असती. तिने किंचित तांबूस झाक असलेला मोतिया घेतला, छान जमलाय. कोटा दगडाची फरशी असेल तर कागदाशेजारी हिरवट झाक दिसते, शहाबादी करडी-निळसर. तिथे भिंतीचा हिशेब पुन्हा वेगळा लागतो. कागदाची ही परीक्षा कुठल्याही टाइलला लागू पडते आणि तिला खर्च शून्य.

आमच्याकडे ओट्यामागच्या पांढऱ्या ग्लेझ टाइल अजून तशाच आहेत आणि आता त्या सायीशेजारी थोड्या टोचतात. त्या पुढच्या वर्षी काढू. तेव्हा भिंतीचा काही भाग परत रंगवावा लागेल, म्हणून फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला कंपनी, शेडचा नंबर, बेस (ज्यात रंगद्रव मिसळतात तो मूळ रंग) आणि चिठ्ठीवरचे मिलिलिटरचे आकडे पेन्सिलीने लिहून ठेवलेत. उरलेला पाव लिटर रंग माळ्यावर जादा फरश्यांशेजारी आहे.