गरी, बोडी आणि मरळ : घरच्या मासोळीची आतापर्यंतची नोंद

घरच्यांच्या ताटात पडणारं मांस अधूनमधून तरी आपल्या हातानं आणायचं, एवढं ठरवून मी मासे धरायची गरी हातात घेतली. आमचा भाग साकोली-लाखांदूरकडचा, धानाचा. इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात चितळ-सांबराच्या हाक्याच्या, म्हणजे रान उठवून केलेल्या शिकारीच्या, गोष्टी अजून निघतात. तो काळ गेला आणि गेला ते बरंच झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली. आज नागझिऱ्याच्या रस्त्यानं जाताना चितळांचा कळप आडवा जातो, तो तसाच जात राहावा असं मला मनापासून वाटतं. पण दबा धरणं, जनावराची चाल ओळखणं, एका क्षणासाठी तासन्‌तास थांबणं, जीव घ्यायचा तर झटक्यात घेणं आणि आणलेलं काहीच वाया न घालवणं, ही शिकारीची विद्या मरळ माशाच्या मागं लागलं की सगळीच्या सगळी कामी येते. नव्यानं शिकणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आतापर्यंत हाताला लागलेलं लिहून ठेवतोय.

आधी पाण्याबद्दल. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात ते उगीच नाही. गोंड राजवटीत कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव पुढं मालगुजारांकडं, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांकडं, गेले, 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि ते ‘मामा तलाव’ झाले, म्हणजे माजी मालगुजारी. मोठा तो तलाव आणि शेताच्या वरच्या अंगाला असलेली लहान ती बोडी. मी धरतो ती बोडी ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात आहे. म्हणून सगळ्यात पहिलं काम गरी विकत घेण्याचं नाही, परवानगीचं. संस्थेच्या लोकांशी बसून बोललो. ठरलं असं की मरळ, टेंगरा, बारीक मासोळी गरीनं धरायला हरकत नाही. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज संस्था पैसे मोजून सोडते, तेव्हा त्यातलं काही लागलं तर वजन करून संस्थेच्या भावानं पैसे द्यायचे. हा सौदा मला अगदी न्यायाचा वाटतो. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना न विचारता काठावर बसू नये. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या पाण्यात तर गरी टाकायचा विचारसुद्धा करू नका.

सुरुवातीचं सामान साधंच होतं. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा धागा, बारीक गरी, तिच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा मणी आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. आमिष म्हणजे शेणखताच्या उकिरड्यातले गांडूळ, नाहीतर कणकेत हळद घालून मळलेली गोळी. यावर टेंगरे लागतात, खवल्याची बारीक मासोळी लागते. टेंगऱ्याच्या कल्ल्यांमागचे दोन काटे आणि पाठीवरचा एक, हे तिन्ही सांभाळून त्याला गरीवरून काढायला हात बसावा लागतो. अंगठा आणि तर्जनी काट्यांच्या खालून घालून धरलं की तो वळवळला तरी टोचत नाही. ही बारीक मासोळी तिखट-मीठ लावून तव्यावर कुरकुरीत होते, पोरं आवडीनं खातात. पण चार माणसांचं जेवण त्यात होत नाही. जेवण व्हायचं तर मरळ पाहिजे.

इथून खरं शिकणं सुरू झालं. शेजारचे एक ढिवर काका आहेत, जन्म त्या पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, गेलेला. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “तू गरीकडं नोको पाहू, पान्याकडं पाह्य.” मग काही दिवस मी काठी न घेताच पाळीवर जाऊन बसलो. नवख्या माणसानं हे करावंच, असं माझं ठाम मत झालंय. मरळीला कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवा साठवायची पोकळी असते. नुसत्या पाण्यातल्या हवेवर तिचं भागत नाही, तिला ठरावीक वेळानं वर येऊन श्वास घ्यावाच लागतो. वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यातच गुदमरते. शिकाऱ्याच्या दृष्टीनं हीच तिची खूण. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, पण कुठं आहे हे त्यांच्यापैकी कोणी सांगत नाही. मरळ मात्र सांगते. पाण्यावर ताटाएवढी गोल लाट उठते, ‘गुळुप’ असा बारीक आवाज येतो आणि मागं दोन-तीन बुडबुडे राहतात. त्या बुडबुड्यांची रेघ कोणत्या बाजूला सरकली ते पाहिलं की ती कुठं तोंड करून आहे ते कळतं. तीच मरळ थोड्या वेळानं जवळपास त्याच जागी पुन्हा वर येते. दोनदा-तीनदा वर आलेली पाहिल्यावर तिची जागा आणि तिची वेळ दोन्ही मनात बसतात.

काकांचं दुसरं सांगणं सावलीचं. “सकाऊन उगवतीकडं पाठ करून बसशीन त सावली पान्यावर जाते. मरळ पायते अन्‌ बसते चिखलात.” आणि पायांचं. पाळीवर धपधप चाललेलं मरळीला पाण्यात जाणवतं. त्यामुळं मी चपला खाली बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, काढतो, पाळीवर अनवाणी चढतो आणि बसल्यावर हलत नाही. ज्याला वाऱ्याची दिशा पाहून जनावराजवळ जायची सवय आहे त्याला यातलं मर्म लगेच कळेल.

आमच्या बोडीत मरळीच्या तीन जागा मी ओळखल्या आहेत. एक, बेशरमच्या झुडपांची पाण्यात उतरलेली मुळं. दुसरी, कमळाच्या पानांमधल्या मोकळ्या खिडक्या. तिसरी सगळ्यात चांगली, पण ती थोडेच दिवस टिकते. धान पिकायला आलं की वरच्या बांध्यांमधलं पाणी सोडतात. ते नालीतून बोडीत पडतं आणि सोबत किडे, बेडकं, बारीक मासोळी घेऊन येतं. मरळ त्या नालीच्या तोंडाशी, धारेच्या बाजूला, दगडासारखी स्थिर उभी असते. ऑक्टोबरात कापणीच्या आधी हे दिवस येतात, ते चुकवू नयेत. बेशरमबद्दल एक बोलून घेतो. तिच्या मुळांत मरळ सापडते हे खरं, पण ही बाहेरून आलेली झाडं तलाव गिळत चालली आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बांधवांनी आणि बायांच्या बचत गटांनी तलावातलं बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांच्या तलावांत गावठी मासोळी पुन्हा दिसू लागली. आमच्या बोडीत तसं काम निघालं तर माझी ती एक जागा जाईल आणि मी कुदळ घेऊन पहिला उभा राहीन.

पावसाळ्यात मी मरळ धरत नाही. हा तिच्या विणीचा काळ. पिल्लं निघाली की पाण्यावर लालसर-केशरी ठिपक्यांचा थवा फिरताना दिसतो, आणि त्याच्या बरोबर खाली आई-बाप पहाऱ्यावर असतात. त्या वेळी थव्यावर काहीही टाकलं तरी मोठी मरळ त्वेषानं धावून येते. तिला धरणं त्या वेळी सगळ्यात सोपं असतं. पण राखण गेली की तो सगळा थवा दुसऱ्या माशांच्या, बगळ्यांच्या पोटात जातो. घरच्या जेवणासाठी धरणाऱ्यानं पुढच्या वर्षीचं जेवण बुडवू नये. पोळा झाल्यावर, पिल्लं वेगळी झालेली दिसली की मग मी काठी काढतो.

या हंगामात काठी बदलली. सात फुटी फायबर काठी, साधं रीळ आणि विणलेली दोरी. तंगूस ताणतो, कमळाच्या देठात गुंतला की मरळीला ओढून काढता येत नाही. विणलेली दोरी ताणत नाही, देठ कापत येते. आमिष म्हणून रबरी बेडूक घेतला. त्याच्या दोन गऱ्या पाठीला चिकटून वर वळलेल्या असतात, त्यामुळं तो पानांवरून सरकतो आणि कुठं अडकत नाही. जिवंत बेडूक मी वापरत नाही, बांधीतल्या किड्यांना खाणारा तो आपला सोबती आहे. रबरी बेडूक टाकताना मरळ दिसली त्या जागेवर टाकायचा नाही. तिच्या पुढं दोन हात, शक्यतो पानावर टाकायचा, क्षणभर थांबायचं आणि मग हळूच पाण्यात घसरू द्यायचा.

दिवाळीच्या आधी नालीच्या तोंडाशी एक मरळ मी सलग काही सकाळी पाहत होतो. त्या दिवशी धुकं उतरलं, ऊन पाण्यावर आलं आणि ती वर येऊन गेली. मी बेडूक समोरच्या कमळाच्या पानावर ठेवला. पान किंचित वाकलं. बेडूक घसरला, पाय मारल्यासारखा एकदा हलला, आणि पाणी फुटलं. इथं हात आवरणं हीच खरी परीक्षा. लाट दिसताच झटका दिला तर बेडूक तिच्या तोंडातून निसटून येतो. मनात ‘एक, दोन’ म्हणायचं, दोरी सरकायला लागली की मगच काठी वर. मी म्हटलं, दोरी सरकली, काठी उचलली. मरळ थेट मुळांकडं निघाली. तिला डोकं फिरवू द्यायचं नाही, दोरी सैल सोडायची नाही, काठी आडवी धरून तिला मोकळ्या पाण्यात आणायचं, एवढंच डोक्यात होतं. काठावर आली तेव्हा तोंड पूर्ण उघडं, आत बारीक धारदार दात, पाठ काळपट-हिरवी आणि पोट पांढरं. घरी काट्यावर सव्वा किलो भरली.

धरल्यानंतरचं काम तितकंच महत्त्वाचं. मरळ हवेत श्वास घेते, म्हणून पिशवीत टाकली तर बराच वेळ तडफडत राहते. तसं करू नये. मी बाभळीचा लहान ठोकळा सोबत ठेवतो. डोळ्यांच्या थोडं मागं, डोक्यावर एकच जोरकस घाव. मग लगेच कल्ल्याखाली काप देऊन रक्त पाण्यात वाहू देतो. याचे दोन फायदे, तिला त्रास होत नाही आणि मांस पांढरंशुभ्र राहतं. नंतर ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत. आपल्याकडच्या उन्हात, दिवाळीच्या सुमारासही, दहाच्या आत मासोळी घरी पोचलेली बरी.

साफ करायला चुलीतली राख हवीच. मरळीच्या अंगाचा बुळबुळीतपणा राखेशिवाय हातात धरवत नाही. राख चोळून, विळीवर खवले काढून, पोट फाडताना पित्ताची पिशवी अख्खी काढायची. ती फुटली तर सगळं कडू होतं. आमच्या मायनं डोकं वेगळं ठेवलं, बाकीच्या अंगठ्याएवढ्या जाड फोडी केल्या. हळद-मीठ लावून ठेवल्या. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर भाजलं, जवस कोरडी भाजली, लसूण-आलं-धणे घालून सगळं पाट्यावर वाटलं. तेलात हा मसाला कडेनं तेल सुटेपर्यंत परतला, तिखट, चिंचेचा कोळ, पाणी, आणि उकळी फुटल्यावरच फोडी सोडल्या. त्यानंतर डाव घालायचा नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. सोबत एचएमटीचा भात, आपल्याच नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला वाण. मरळीत बारीक काटे जवळपास नसतात. रोहूच्या काट्यांपायी ताटावरून उठणारी माझी लहान मुलगी त्या दिवशी स्वतःच्या हातानं जेवली. डोक्याचा रस्सा माय आणि बाबांनी घेतला. दोन फोडी काकांकडं पाठवल्या. बाजारात बर्फातून आंध्रातली मासोळी येते, ती आम्हीही घेतो, पण तासाभरापूर्वी पाण्यात असलेल्या मरळीच्या मांसाची घट्ट, गोडसर चव तिच्यात नसते.

आता थंडी पडली आहे. मरळ सुस्त झाली, सकाळी जवळजवळ वर येत नाही. या दिवसांत उजाडता जाण्यात अर्थ नाही. दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान, उथळ काठाचं पाणी कोमट झालं की ती तिथं येते. बेडूक अगदी सावकाश ओढावा लागतो, मध्ये मध्ये पूर्ण थांबवावा लागतो. कणकेच्या गोळीवर टेंगरेही कमी झालेत, गांडुळावर मात्र अजून येतात.

पुढचा बेत चुलबंद नदीच्या डोहांचा आहे. तिथं मोठ्या जातीची मरळ असते, पिल्लावस्थेत तिच्या शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा काळा ठिपका स्पष्ट दिसतो. खोल पाण्यात बेडूक चालेल की बुडणारं चमचा-आमिष घ्यावं, हे मला ठरवायचंय. उन्हाळ्यात पाणी उतरून डोह तुटक होतील, त्याआधी एकदा काठानं नुसतं फिरून पाहणार आहे. वैनगंगेच्या किंवा चुलबंदच्या डोहात ज्यांनी गरीनं मरळ धरली आहे त्यांनी दोरीची जाडी आणि आमिषाचं वजन किती ठेवलं ते जरूर कळवावं.