दाढ ठेवायची की काढायची

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. दाढ दुखत नाहीये हे आधीच लिहून ठेवते, कारण घरात सगळे सारखं तेच विचारतात, दुखतंय का, आणि नाही म्हटलं की मग कशाला मागे लागलीयेस त्याच्या. वरची, उजवीकडची पहिली मोठी दाढ. ११ वर्षांपूर्वी रूट कॅनल करून, म्हणजे मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून आणि भरून, वर कॅप बसवलेली, तेव्हा मुलगा बालवाडीत होता, आता दहावीला आहे. इतकी वर्षं ती दाढ आहे हेसुद्धा मी विसरून गेले होते.

दिवाळी झाल्यावर एक दिवस दात घासताना हिरडीवर बारीक पुटकुळी हाताला लागली. दाबली की फुटायची, तोंडात घाण चव यायची, दोन दिवसांनी परत हजर. महिनाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, आईने सांगितलं म्हणून लवंगेचं तेल लावलं, मग इथल्या साताऱ्यातल्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं तेव्हा पुटकुळी गेली आणि मला वाटलं सुटले, तर आठवड्यात तिथेच परत. हे असं का होतं ते मला पुण्यात गेल्यावर कळलं. रूट कॅनल झालेल्या दाताच्या आत रक्त पोचतच नाही, मग रक्तातून जाणारं औषध तरी आत कसं पोचणार. जंतू आत बसलेत, औषध बाहेरची सूज उतरवतं, बास. आणि दुखत नाही कारण पुवाला बाहेर यायला वाट मिळालीये, आत दाब साठतच नाही. म्हणजे मी ज्याला बरं वाटतंय म्हणत होते ते बरं नव्हतंच. हे ऐकल्यावर मला खरंच भीती वाटली.

पुण्याच्या डॉक्टर फक्त रूट कॅनलचंच काम करतात, दातांच्या डॉक्टरकीतलं पुढचं शिक्षण, एमडीएस, झालंय, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी जे केलं ते बघून मी थक्क झाले. पुटकुळीच्या भोकातून एक बारीक गुलाबी काडी हळूच आत सरकवली, जाईल तिथवर जाऊ दिली, आणि तशीच ठेवून एक्स-रे काढला. एक्स-रेवर ती पांढरी रेघ वळण घेत थेट दाढेच्या पुढच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबलेली, आणि टोकाभोवती काळसर गोल, तिथलं हाड गेलेलं. म्हणजे पू कुठून येतोय त्याचा पत्ताच. ती काडी गटापर्चाची, ज्याने रूट कॅनलच्या नळ्या भरतात तेच. मलायाकडच्या एका झाडाचा चीक आहे तो. शाळेत विज्ञान शिकवते त्यामुळे घरी येऊन वाचत बसले, तर १८५१ साली इंग्लंड-फ्रान्समध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलवर याच चिकाचं आवरण होतं. उद्या नववीच्या मुलांना सांगणार आहे.

मग थ्रीडी स्कॅन केला, सीबीसीटी म्हणतात. त्यात चौथी नळी दिसली. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन पण नळ्या बऱ्याचदा चार असतात, पुढच्या मुळात दोन, आणि त्यातली दुसरी इतकी बारीक की नुसत्या डोळ्याने सापडत नाही. माझ्या तीन नळ्या भरलेल्या, चौथीला कोणी हातच लावलेला नाही. अकरा वर्षं ती तशीच. पहिल्या डॉक्टरांचा राग आला का, तर आला थोडा, पण तेव्हा त्यांच्याकडे ना मायक्रोस्कोप ना हा स्कॅन, आणि अकरा वर्षं मी त्या दाढेने जेवले हेही खरंच आहे ना.

आता पुढे काय यावर दोन आठवडे घरात चर्चा. ह्यांचं म्हणणं काढून टाक आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर खोटा दात, बसव, एकदाच काय तो खर्च होऊ दे, दुरुस्त केलेल्या वस्तूवर परत पैसे कशाला घालायचे. ह्यांचं चुकीचं नाहीये, खर्च हेच करणार आहेत आणि काळजीपोटीच बोलतायत. पण इम्प्लांटचं मी नीट विचारून आले. माझ्या दाढेच्या वरच सायनसची पोकळी आहे, हाड कमी, म्हणजे आधी हाड भरायचं, ते धरायला काही महिने, मग स्क्रू, तो हाडात पक्का व्हायला परत काही महिने, मग दात. सगळं धरून मला ६५ हजार सांगितले. परत रूट कॅनल आणि नवीन कॅप २३ हजार. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने खोटा दात, करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतील, ते मला अजिबात नको. जागा रिकामी ठेवली तर खालची दाढ हळूहळू वर सरकत येते.

पैशांपेक्षा मला वेगळंच वाटतंय. आपल्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो त्यामुळे भातात खडा आला की लगेच कळतं, इम्प्लांटला तो पडदाच नाही, स्क्रू सरळ हाडात. आईला मी बघते ना. पन्नाशीत एकेक करत सगळे दात काढून टाकले, दुखलं की काढ, तेव्हा गावाकडे दुसरं कोण काय सांगणार होतं. आता कवळी आहे. परवा मळ्यात हुरडा होता, आई सगळ्यांना भाजून देत बसली होती आणि स्वतः मात्र एक दाणा तोंडात घालेना, दाणे कवळीखाली जातात आणि टोचतात. मी काही बोलले नाही पण मला तिथेच आतून तुटल्यासारखं झालं. दाढेचं काय करू असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, बाई, आपला दात गेला की गेला, टिकतोय तोवर टिकव.

एकच धास्ती आहे, मुळाला तडा. तडा असेल तर कितीही साफ केलं तरी उपयोग नाही, काढावीच लागते. डॉक्टरांनी दाढेभोवती हिरडीत बारीक सळई घालून मोजलं, सगळीकडे २-३ मिलिमीटर. एकाच जागी सळई खोल गेली असती तर तड्याचा संशय आला असता, तसं नाहीये. स्कॅनमध्येही दिसला नाही, पण भरलेल्या सामानामुळे स्कॅनवर रेघा उमटतात, बारीक तडा त्यात लपू शकतो असंही त्यांनी स्वच्छ सांगितलं. खात्री देत नाही म्हणाल्या, शक्यता चांगली आहे म्हणाल्या. खात्री देत नाहीत म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला बहुतेक.

तर ठरवलं. परत रूट कॅनल करायचं. शनिवारी कॅप कापून जुना गटापर्चा काढतील, मायक्रोस्कोपखाली चौथी नळी शोधतील, आत औषध भरून दोन-तीन आठवडे थांबायचं आणि पुटकुळी बसली तरच कायमचं भरायचं. आत तडा दिसला तर तिथेच थांबून मला दाखवा, मग काढू, असं मी त्यांना आजच फोनवर सांगितलंय. काळा गोल भरत आलाय का ते सहा महिन्यांनी एक्स-रे काढून बघायचं, मग परत वर्षाने.

जेवताना ह्यांना सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, शनिवारी गाडी मी काढतो, एसटीने एकटी जाऊ नकोस.