बेळगावच्या गच्चीवरून दोंगझी

आयुष्यभर मराठी शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे डिसेंबरची २१-२२ तारीख, म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, आला की गच्चीवर एक मीटरची काठी उभी करते, ओळंब्यानं सरळ बघून. बेळगावात सूर्य त्या दिवसातला सगळ्यात वर येतो तो साडेबाराच्या सुमारास. तेव्हा काठीची सावली ८२ सेंटिमीटरच्या आसपास भरते. माझी भाची चीनमध्ये झेंगझौला डॉक्टरकी शिकते. तिच्याकडं त्याच काठीची सावली १६० सेंटिमीटर पडेल. आपल्याकडं दिवस अकरा तासांच्या वर असतो, तिथं दहाही भरत नाहीत.

चिनी लोकांचा दोंगझी हा सण याच सावलीतून निघालाय, आणि म्हणूनच तो मला इतका आवडतो. तिथले जुने ज्योतिर्विद उभ्या खांबाची दुपारची सावली रोज मोजायचे. ती वर्षात सगळ्यात लांब पडली की दक्षिणायन संपलं. त्यांच्या वर्षाचे सूर्यावरून पाडलेले २४ भाग आहेत, त्यातला हा एक. आजही त्यांच्या पंचांगात हा दिवस ज्या महिन्यात येतो तो अकरावा महिना, असाच नियम आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीत या दिवशी कचेऱ्या बंद असायच्या. पुढं मिंग आणि छिंग बादशहा बीजिंगच्या स्वर्गमंदिरात, जे १४२० साली बांधलं, याच दिवशी आकाशाची पूजा करायचे. थंडी अजून वाढणार असते, पण प्रकाश वाढायला लागलेला असतो. सण आहे तो त्या वळणाचा.

खाणं मात्र सगळीकडं एक नाही. उत्तरेत जियाओझी, म्हणजे सारण भरून उकळलेल्या करंज्या; दक्षिणेत तांगयुआन, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे सारण भरलेले गोड गोळे. भाची हेनान प्रांतात राहते, म्हणून आमच्या घरी आधी जियाओझी आले. त्यांची गोष्टही हेनानचीच. नानयांगचे वैद्य चांग चुंगचिंग, दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले, गावी परतले तेव्हा थंडीनं गरिबांचे कान गोठून चिरलेले त्यांनी पाहिले. मग बकऱ्याचं मटण आणि औषधी मसाले कणकेत भरून, कानाच्या आकाराचे तुकडे उकळून रश्श्यासकट लोकांना वाटले. ही दंतकथा आहे. तिच्यात मिरचीही सांगतात, पण मिरची अमेरिकेतून आशियात आली ती सोळाव्या शतकात, तेव्हा ती मागाहून कुणीतरी घातली असणार. वैद्य मात्र खरे होते. ज्वरावरचा त्यांचा ग्रंथ चिनी वैद्यकात अजून शिकवतात.

२०२५ साली हा दिवस रविवारी आला, आणि मार्गशीर्षही नुकताच संपला होता. "मावशी, आता मटणाला हरकत नाही की," म्हणून भाची सुट्टीत कामालाच लागली. खिमा, आलं, पातीचा कांदा, थोडं तेल, मीठ. मैदा गार पाण्यात घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवला. पुरी लाटायची ती मधे जाड, कडेला पातळ, कारण मिटल्यावर कड दुहेरी होते आणि मधला भाग सारणाचं वजन पेलतो. करंजीचाच घाट, फक्त पोट फुगीर. आधण खळखळलं की जियाओझी सोडायचे, परत उकळी आली की वाटीभर गार पाणी ओतायचं, असं तीनदा. त्यानं वरची पारी फुटत नाही आणि आतला खिमा शिजतो. व्हिनेगरात बुडवून खाल्ले.

तांगयुआनची चव माझ्या तोंडातून अजून जात नाही. चिकट तांदळाचं पीठ भाचीनं बॅगेतून आणलं होतं. आपल्या बासमतीच्या पिठाला ती ओढ येत नाही. आत भाजलेले काळे तीळ, साखर आणि तिकडं डुकराची चरबी. आम्ही तूप घातलं. गोळे पाण्यावर तरंगले की झाले, आणि त्याच गरम पाण्यासकट वाटीत वाढायचे. दक्षिणेत हे आधी पूर्वजांपुढं ठेवतात, मग घरातले सगळे एकत्र बसून खातात. ते खाल्ले की वय एका वर्षानं वाढलं असं धरतात.

दोनच दिवस आधी शेजारच्या अक्कांकडून एळ्ळ अमावस्येची सज्जी रोट्टी, म्हणजे बाजरीची भाकरी, आणि शेंगा होळिगे, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, आली होती. त्यांच्या शेतात चरगा, म्हणजे नैवेद्याचं अन्न, शिंपडतात त्या दिवशी. बाजरी, तीळ, शेंगदाणे, गूळ. थंडीत अंगाला काय लागतं हे शेतकऱ्याला कुठल्याही देशात बरोबर कळतं.

संक्रांतीबद्दल मुलं मला दरवर्षी विचारायची: उत्तरायण डिसेंबरात, मग सण १४ जानेवारीला का? सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होते. आपली संक्रांत तारकांवरून धरलेली आहे. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो, म्हणून साधारण ७१ वर्षांत एक दिवस असा फरक पडत गेला. दोंगझी सावलीला बांधलेला, म्हणून जागेवर राहिला. आपली तारीख बदला असं मी म्हणत नाही. तिळगूळ १४ तारखेलाच वाटायचा. पण खऱ्या उत्तरायणाचा दिवस आपण साजराच करत नाही, याची मला खंत आहे. तेव्हा यापुढं आमच्या घरी त्या दिवशी काळ्या तिळाचं काहीतरी होणारच. गल्लीतल्या पोरांना सांगून ठेवलंय, साडेबाराला गच्चीवर या, टेप घेऊन.